एक अँटेना, चार दिशा

२०२२ च्या लिलावात आपल्याकडे २६ गिगाहर्ट्झचा पट्टा विकला गेला. पण तुमच्या फोनवर जे फाइव्ह-जी येतं ना, ते बहुतेक ३.३ गिगाहर्ट्झचं, नाहीतर त्याच्याही खालचं. असं का?

तर २६ गिगाहर्ट्झची लाट जेमतेम साडेअकरा मिलिमीटरची. भिंतच काय, तुमचा हातसुद्धा तिला अडवतो. आणि एकटी अँटेना इतकी चिमुकली की हाती ऊर्जा लागते ती चिमूटभर. मग करायचं काय? पुष्कळ अँटेना शेजारीशेजारी मांडायच्या. दोघींत अंतर अर्ध्या लाटेचं, म्हणजे पावणेसहा मिलिमीटर. चौसष्ट अँटेना आरामात तळहातावर मावतात!

आता विहिरीच्या काठावर चौघं ओळीनं उभे आहेत असं समजा. एकदम खडे टाकले तर लाट सरळ समोर जाते. एकामागोमाग एक, किंचित उशिरानं टाकले तर तिरकी जाते. हा 'किंचित उशीर' म्हणजेच फेज. अँटेना जागची हलत नाही, बीम मात्र वळतो.

पण बीम टॉर्चसारखा अरुंद. एकाला उजेड, बाकीचे अंधारात. म्हणून एकाच वेळी अनेक बीम हवेत. यावरचा एक जुना तोडगा मला फार आवडतो: १९६१ मध्ये बटलर आणि लो या दोघांनी मांडलेलं बटलर मॅट्रिक्स. चार अँटेना, चार दारं. ज्या दारातून सिग्नल सोडाल त्याप्रमाणे बीम डावी-उजवीकडे साडेचौदा किंवा साधारण साडेअठ्ठेचाळीस अंशांवर जातो. चारही दारं एकदम वापरा, चार बीम! नुसत्या तांब्याच्या पट्ट्या. वीज वेगळी लागत नाही.

गोची इथंच आहे. दिशा ठरलेल्या. दोन बीमच्या मधोमध तुम्ही उभे असाल, तर कुठल्याही एका बीमची ताकद त्याच्या शिखराच्या निम्म्याहूनही कमी मिळते. चालत्या माणसाचं काय करणार?

दुसरं टोक म्हणजे प्रत्येक अँटेनाला स्वतंत्र रेडिओ. बीम हवे तितके, हवे तिकडे. पण चौसष्ट रेडिओंचं वीजबिल आणि उष्णता कोण सोसणार? म्हणून मधला मार्ग, हायब्रिड: रेडिओ थोडे, अँटेना पुष्कळ. मला विचाराल तर सध्या तरी हाच व्यवहारी.

आणि हो, हाताचं राहिलंच. फोनमध्ये हे छोटे संच वेगवेगळ्या कडांना बसवता येतात. एक बोटाखाली गेला की दुसरा काम उचलतो.

चला, भेटू पुढच्या भागात!