इंटरनेट तुटतं तेव्हा आधी काय बघायचं?

एका पावसाळ्यात आमच्या घरी जे घडलं ते आज सांगते. तेव्हा बऱ्याच गटांकडे कॉम्प्युटर आला होता, आणि फोनच्या तारेवरून इंटरनेट लावताना सगळ्याजणींची दमछाक व्हायची.

जिल्ह्याच्या प्रदर्शनात आमच्या गटाला स्टॉल हवा होता. अर्ज आणि पापड-शेवयांचे फोटो संध्याकाळपर्यंत ई-मेलनं पाठवायचे होते. माझी धाकटी जाऊ बारावी झालेली, तीच बसली. मोडेम किर्रर्र करायचा, इंटरनेट लागायचं, आणि फोटो अर्धा गेला की तुटायचं. असं सहा वेळा झालं. मामंजी म्हणाले, "बिल वाढतंय, ऊठ आता." मीही म्हणून बसले, "अगं, तुझंच काहीतरी चुकतंय." ती डोळे पुसत उठली. अर्ज गेला नाही, स्टॉल हुकला.

चार दिवसांनी तिनं माझ्याकडे एक जुनी वही मागितली. इंटरनेट कधी लागलं, कधी तुटलं, तेव्हा पाऊस होता का, कोणी फोन उचलला का, सगळं लिहीत गेली. आठवड्यानं वही माझ्यापुढं ठेवली. उघडीप असली की तासभर चालायचं, पाऊस लागला की तुटायचं. चूक तिची नव्हतीच.

तिनं जे केलं ते तुम्हालाही जमेल. फक्त क्रमानं करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

पहिलं, लाईन ऐका. मोडेमची तार काढून तिथं साधा फोन लावा. टोन आला की एक आकडा दाबा, टोन थांबेल. मग ऐका. खरखर किंवा कडकड आवाज आला तर दोष तारेत आहे. खरखरीतूनही माणसाला बोलणं कळतं, मोडेमला कळत नाही.

दुसरं, दोष घरातला की बाहेरचा ते बघा. बाहेरची तार घरात येते त्या पहिल्या डबीत आतल्या खोल्यांची तार सोडवा आणि तिथंच फोन लावा. खरखर थांबली तर घरातली तार, डबी किंवा पिन खराब. राहिली तर काम लाईनमनचं. ओल्या हातानं किंवा ढग गडगडत असताना तारेला हात लावू नका. विजा चमकायला लागल्या की मोडेमची तार आणि कॉम्प्युटरचा प्लग दोन्ही काढून ठेवा.

आमच्याकडे वळचणीखाली तारेला जोड होता, नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली. पागोळ्या नेमक्या त्यावर पडायच्या. १९८ वर तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर वहीत लिहिला. लाईनमनदादांनी अखंड तार टाकून दिली.

तिसरं, घरात पॅरलल फोन असेल तर तो उचलताच इंटरनेट तुटू शकतं. इंटरनेट चालू असताना आम्ही त्या फोनवर रुमाल टाकायचो, सासूबाईंना खूण कळायची. कॉल वेटिंग असेल तर तेही बंद ठेवा.

चौथं, पडद्यावर आलेला आकडा वाचा. ६८० म्हणजे डायल टोन नाही, तार बघा. ६७६ म्हणजे लाईन बिझी, थोड्या वेळानं लावा. ६९१ आला तर बहुतेक युजरनेम किंवा पासवर्ड चुकलाय.

पाचवं, फोटो लहान करा. दोन एमबीचा एक फोटो चांगल्या लाईनवरही आठ-दहा मिनिटं घेतो. तोच शंभर केबीचा केला तर अर्ध्या मिनिटात जातो. मजकूर आधी लिहून ठेवा आणि मगच इंटरनेट लावा, बिल वाचेल. भारनियमनाची वेळही बघा. लाईट गेली की अर्धा गेलेला फोटो पुन्हा पहिल्यापासून.

पुढच्या वर्षीचा अर्ज जावेनं भर पावसात पाठवला. स्टॉल मिळाला. मी तिच्याजवळ माझी चूक कबूल केली. मामंजी काही बोलले नाहीत, पण ढग आले की मग विचारायचे, "काय गं, लाईन कशी आहे?"

मैत्रिणींनो, मशीन अडलं की घरात पहिला ठपका त्यावर बसलेल्या मुलीवर येतो. तिला उठवू नका. तिच्या हाती एक वही द्या आणि दोघी मिळून तार बघा.