शाबासकीची वेळ

गिर्‍हाइकाचें दार ठोठावणें हाच ज्याचा धंदा, त्याच्या वांट्याला दिवसभरांत होकार थोडे आणि नकार फार येतात. कारकुनाचें काम संध्याकाळीं टेबलावर दिसतें, सुताराची खुर्ची डोळ्यांपुढें उभी राहते; पण फिरत्या विक्रेत्यानें सकाळपासून वीस दुकानांच्या पायर्‍या झिजविल्या आणि एकहि मागणी मिळाली नाहीं, तर त्याच्या श्रमाची खूणसुद्धां उरत नाहीं. अशा माणसाला केवळ दिवाळीच्या बोनसाच्या आशेवर वर्षभर राबविणें म्हणजे वैशाखांत तहानलेल्यास आषाढांतल्या पावसाचा वायदा करण्यासारखें आहे.

म्हणूनच विक्रीचें खातें सांभाळणार्‍यापुढें नेहमींचा प्रश्न असतो तो हा कीं, या मंडळींचा उत्साह टिकवावा कसा? त्याचें उत्तर पुष्कळदां मोठ्या रकमेंत शोधलें जातें. वस्तुतः तें बक्षिसाच्या आकारापेक्षां त्याच्या वेळेंत अधिक असतें.

बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं १९५७ सालीं पक्षी व प्राणी यांवरील प्रयोगांचा एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कबुतरानें एका चकतीवर चोंच मारली कीं त्याला दाणा मिळावा, अशी त्यांतली योजना होती. ठराविक काळ लोटल्यावरच दाणा मिळतो असें असलें, म्हणजे दाणा टिपतांच कबूतर स्वस्थ बसे आणि पुढची वेळ जवळ येऊं लागली कीं मगच त्याची चोंच भराभर चाले. माणूस कांहीं कबूतर नव्हे. तरी वर्षाच्या आरंभीं सुस्तावलेली आणि अखेरच्या महिन्यांत धांवपळ करणारी पेढी ज्यानें पाहिली असेल, त्याला हें चित्र अगदींच अनोळखी वाटणार नाहीं.

विक्रेत्यांच्या मानसन्मानाची शिस्तशीर व्यवस्था लावणार्‍यांत अमेरिकेंतील डेटन शहरचे जॉन पॅटरसन यांचें नांव अग्रभागीं घेतलें जातें. १८८४ सालीं त्यांनीं गल्ल्याचीं यंत्रें बनविणारी एक लहानशी कंपनी विकत घेतली. तीच पुढें नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी म्हणून प्रसिद्धीस आली. हें यंत्र म्हणजे दुकानदाराला निष्कारण खर्च वाटे आणि त्याच्या नोकरांना आपल्या प्रामाणिकपणावरचा संशय वाटे. असला माल खपविणें सोपें नव्हतें. पॅटरसन यांनीं प्रत्येक विक्रेत्याला स्वतंत्र प्रदेश नेमून दिला, त्याच्या मानानें विक्रीचा आंकडा ठरविला, आणि तो पुरा करणार्‍यांचें 'शंभर गुणांचें मंडळ' स्थापिलें. यांतली खुबी अशी कीं, या मंडळांत मानाची जागा एकच नव्हती. पहिल्या क्रमांकाचें बक्षीस एकाला मिळतें आणि बाकीच्यांना हिरमुसलें करून सोडतें. येथें आपल्या स्वतःच्या आंकड्याशीं झुंजणार्‍या प्रत्येकाला दार उघडें होतें.

पण याच पॅटरसन यांची लहर फिरली कीं, कर्तबगार माणसाचीहि नोकरी एकाएकीं जाई. टॉमस वॉटसन यांची तशीच गेली. १९१४ सालीं ते दुसर्‍या कंपनींत गेले, आणि जातांना मानाच्या मंडळाची कल्पनाहि बरोबर घेऊन गेले. त्या कंपनीला १९२४ सालीं आय. बी. एम. हें नांव मिळालें. मानाच्या शेजारीं धाक नांदत असला, म्हणजे माणसें शिकतात आणि निघून जातात.

पैशाशिवाय किती काम होतें, याचा एक नेटका दाखला अ‍ॅडम ग्रँट व त्यांच्या सहकार्‍यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केला. एका अमेरिकन विद्यापीठासाठीं फोनवरून देणग्या मागणार्‍या कांहीं मंडळींची, अशा देणग्यांतून शिष्यवृत्ति मिळालेल्या एका विद्यार्थ्याशीं थोडा वेळ गांठ घालून देण्यांत आली. महिन्यानंतर पाहतां त्यांचा फोनवरील वेळ दुपटीहून अधिक झाला होता, आणि जमलेली रक्कमहि. पगार तोच, काम तेंच. आपल्या श्रमाचें फळ कोणाच्या पदरीं पडलें, एवढेंच त्यांना नव्यानें दिसलें होतें.

तथापि बक्षिसाचा सुकाळ झाला म्हणजे सर्व साधलें, असें मात्र नाहीं. १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या लेपर, ग्रीन व निस्बेट यांच्या प्रयोगांत, चित्रें काढण्याची आवड असलेल्या बालकांपैकीं कांहींना सोनेरी शिक्क्याचें प्रशस्तिपत्र आधीं कबूल करून मग चित्रें काढावयास सांगितलें. पुढें मोकळ्या वेळांत हींच मुलें चित्रांकडे कमी वळलीं. ज्यांना तेंच पत्र अवचित मिळालें, त्यांची आवड मात्र उणावली नाहीं. कौतुक हें कामाची किंमत म्हणून आधींच ठरलें, कीं काम बाजूला पडतें आणि किंमत उरते.

याहून दारुण उदाहरण अमेरिकेंतील वेल्स फार्गो या बँकेचें आहे. तेथें शाखांतील लहान नोकरांवर नव्या खात्यांचे आंकडे गांठण्याची सक्ती असे, आणि त्यांचा हिशेब वारंवार घेतला जाई. गणती चालली होती ती खात्यांची. ग्राहकाच्या गरजेची नव्हे. परिणामीं लक्षावधि खातीं ग्राहकांच्या संमतीवांचून उघडलीं गेलीं. २०१६ सालच्या सप्टेंबरांत बँकेला साडेअठरा कोटि डॉलरांचा दंड झाला, आणि मागील कांहीं वर्षांत सुमारें ५,३०० नोकरांना काढून टाकल्याचें उघडकीस आलें. त्यांतले बहुतेक सामान्य पगाराचे होते. ज्याची शाबासकी, तेंच पीक. आणि पीक विषारी निघालें, तर प्रथम भोगतो तो शेतांत राबणारा.

तेव्हां शाबासकी लहान असावी, वरचेवर असावी; पण ती कशाबद्दल द्यावयाची हें आधीं ठरलेलें असावें. होकार मिळविणें विक्रेत्याच्या सर्वस्वीं हातीं नसतें. वेळेवर भेट देणें, रुसलेल्या गिर्‍हाइकाची जुनी तक्रार मिटविणें, आणि गरज नसलेला माल गळ्यांत न मारणें हें त्याच्या हातचें असतें. त्याचें कौतुक त्याच दिवशीं, नेमक्या शब्दांत व्हावें. "ठीक चाललें आहे" असें म्हणण्यापेक्षां "त्या दुकानदाराची अडचण आज चांगली सोडविलीत" हें वाक्य अधिक काळ लक्षांत राहतें. सोबत पेढे असोत, नाटकाचें तिकीट असो, कीं फळ्यावर लिहिलेलें नांव असो. तीं निमित्तें आहेत. मात्र पगार अपुरा ठेवून पेढे वांटणें म्हणजे फसवणूक, आणि ती ओळखावयास विक्रेत्यांना फार वेळ लागत नाहीं.

यांत खर्च फारसा नाहीं; लागतें तें लक्ष. संध्याकाळीं हिशेबाची वही मिटण्यापूर्वीं विक्रीप्रमुखानें, आज कोणाचें चांगलें काम नजरेंतून निसटलें, एवढें आठवून पाहावें. आणि तें त्याला घरीं जाण्यापूर्वींच सांगावें.