मुलाचा जबाब, मुलाच्याच शब्दांत

लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार आली, की पोलीस जबाब घेतात. कुठे? मुलाच्या घरी, किंवा ते म्हणेल तिथे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम २४ मध्ये हे स्पष्ट आहे. शक्यतो महिला अधिकारी हवी, उपनिरीक्षक दर्जापेक्षा खालची नको आणि अंगावर वर्दीही नको. आई-वडील किंवा मुलाचा भरवसा असलेलं माणूस सोबत असतं.

खरी कसोटी लिहिताना. मूल म्हणतं, “काकांनी शूच्या जागी हात लावला.” त्याचं “सदर इसमाने गैरकृत्य केले” असं करून चालत नाही, मूल बोललं तसंच उतरवायचं. सरकारी भाषेची सवय सुटत नाही, पण अशी सफाई केलेला जबाब पुढे उलटतपासणीत अडचणीचा ठरू शकतो. शक्य तिथे दृकश्राव्य चित्रीकरणही करायचं असतं. मुलाची भाषा वेगळी असेल तर दुभाषी घेता येतो.

पालकांनो, मुलाकडून उत्तरं पाठ करून घेऊ नका. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो.