वॉरफरिन : स्वस्त गोळी, महाग देखरेख

एखाद्या वस्तूची किंमत आणि त्या वस्तूच्या वापरापायी समाजाला पडणारा खर्च या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास पहिल्याच वर्षी शिकविले जाते. उदाहरण बहुधा कारखान्याच्या धुराचे दिले जाते. औषधांच्या क्षेत्रात याहून बोलके उदाहरण आहे आणि ते म्हणजे वॉरफरिन. रक्त गोठण्याच्या क्रियेला आवर घालणारी ही गोळी अतिशय स्वस्त असून जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत तिला स्थान आहे. सामान्य लोक तिला ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणतात. रक्त तिने पातळ होत नाही, ते गोठण्यास अधिक वेळ लागतो एवढेच. पण हा शब्द आता रूढ झाला आहे. ही गोळी उपचाराच्या पहिल्या आठवड्यात पुरेशी काळजी न घेता दिली गेली तर क्वचित एखाद्या रुग्णाची त्वचा आणि तिच्याखालील चरबीच्या ऊती काळ्या पडून मृत होतात. वैद्यकशास्त्रात या अवस्थेस वॉरफरिनजन्य त्वचा-ऊतीनाश असे म्हणतात. गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या औषधामुळेच सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन हा नाश ओढवतो. हे कसे घडते आणि ते टाळण्याचा खर्च कोणी उचलावयाचा, हे दोन्ही प्रश्न विकासाच्या अभ्यासकांनी समजून घेण्याजोगे आहेत.

या औषधाचा जन्म गोठ्यात झाला. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातील गुरे एकाएकी रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंगे काढण्यासारख्या किरकोळ क्रियेनंतरही रक्त थांबत नसे. फ्रँक स्कोफील्ड या कॅनडातील पशुवैद्यकाने याचा संबंध बुरशी आलेल्या स्वीट क्लोव्हर या चाऱ्याशी जोडला. खराब चारा टाकून द्यावा, हा उपाय सोपा होता. परंतु पुढे मंदीच्या काळात शेतकऱ्यांपाशी दुसरा चाराच नव्हता; कारण ठाऊक असूनही गुरे मरत राहिली. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताचा डबा आणि चाऱ्याचा भारा घेऊन विद्यापीठात पोहोचला व तेथील रसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत या विषयावरील कामास चालना मिळाली. १९३९ मध्ये त्या चाऱ्यातून डायक्युमरॉल हे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्याच कुळातील वॉरफरिन १९४८ मध्ये प्रथम बाजारात आले ते उंदीर मारण्याचे विष म्हणून. १९५४ मध्ये मानवी वापरास मान्यता मिळाली आणि १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर ते देण्यात आले. संशोधनास पैसा पुरविणाऱ्या ‘विस्कॉन्सिन अ‍ॅलम्नाय रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेच्या आद्याक्षरांवरून औषधाचे नाव पडले. विद्यापीठाच्या संशोधनातील उत्पन्न पुन्हा संशोधनाकडे वळविणारी ही संस्था १९२५ पासूनची आहे, हे बौद्धिक संपदेचा अभ्यास करणाऱ्यांनी जाता जाता ध्यानात ठेवावे.

आता ऊतीनाशाच्या कारणाकडे वळू. रक्त गोठविणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यांच्या निर्मितीस ‘के’ जीवनसत्त्व लागते. वापरले गेलेले ‘के’ जीवनसत्त्व शरीर पुन्हा उपयोगात आणते. वॉरफरिन नेमका हा पुनर्वापर अडविते, त्यामुळे नवे घटक निकामी स्वरूपात तयार होऊ लागतात. परंतु रक्तात आधीपासून असलेल्या घटकांना औषध हात लावीत नाही. ते आपापल्या गतीने झिजत जातात. सातव्या क्रमांकाचा घटक सुमारे सहा तासांत निम्मा होतो, तर प्रोथ्रॉम्बिन हा प्रमुख घटक निम्मा होण्यास अडीच ते तीन दिवस लागतात. येथपर्यंत सर्व सरळ आहे. अडचण अशी की गोठण्यास लगाम घालणारी प्रथिनेही ‘के’ जीवनसत्त्वावरच अवलंबून असतात. त्यांतील ‘सी’ नावाचे प्रथिन सुमारे आठ तासांत निम्मे होते. म्हणजे उपचाराच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत लगाम सुटलेला असतो आणि घोडा मात्र अजून दमलेला नसतो. या अवधीत रक्त गोठण्याची प्रवृत्ती कमी होण्याऐवजी वाढलेली असू शकते.

बहुसंख्य रुग्ण हा काळ विनासायास पार करतात. ज्यांच्यात ‘सी’ प्रथिनाची आनुवंशिक उणीव असते, किंवा ज्यांना आरंभीच मोठी मात्रा दिली जाते, त्यांना धोका अधिक असतो. तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास स्तन, मांड्या, नितंब किंवा पोट अशा चरबीयुक्त भागी तीव्र वेदना सुरू होतात. त्वचा लाल, मग जांभळी आणि शेवटी काळी पडते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे अधिक आढळते. वेळीच ओळखले तर वॉरफरिन थांबवून, ‘के’ जीवनसत्त्व व हेपॅरिन देऊन हानी आटोक्यात ठेवता येते. उशीर झाल्यास मृत भाग काढून त्वचारोपण करावे लागते, प्रसंगी स्तन काढण्याची पाळी येते.

आणखी एक फसवी बाब आहे. औषधाचा परिणाम मोजणारी रक्तचाचणी सातव्या घटकाच्या घटीला लवकर प्रतिसाद देते. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच अहवालातील आकडा अपेक्षित मर्यादेत आलेला दिसू शकतो, प्रत्यक्ष संरक्षण मात्र अद्याप सुरू झालेले नसते. आकडा चांगला आला म्हणून हेपॅरिन बंद करून रुग्णास घरी धाडणे हे म्हणूनच धोक्याचे. मान्य पद्धत अशी की वॉरफरिन लहान मात्रेने सुरू करावे आणि हेपॅरिनची जोड किमान पाच दिवस, तसेच चाचणीचा आकडा स्थिरावेपर्यंत ठेवावी.

येथे अर्थशास्त्र प्रवेश करते. या पाच दिवसांचा खर्च गोळ्यांच्या किमतीच्या कित्येक पट असतो. खाट, इंजेक्शने, रोजची चाचणी आणि सोबतच्या नातेवाइकाची बुडालेली मजुरी, हे सारे त्यात येते. हा खर्च आज, निश्चितपणे आणि रोखीने होतो. उलट, तो टाळल्याने होणारी हानी दुर्मीळ आणि अनिश्चित असते. ऊतीनाशाचे प्रमाण साधारणतः हजारात एक ते दहा हजारांत एक असे मानले जाते. समजा, एखादा डॉक्टर दरवर्षी ५० नव्या रुग्णांना हे औषध सुरू करतो. प्रमाण दहा हजारांत एक धरले तर असा एक रुग्ण दिसण्यास सरासरी २०० वर्षे लागतील. हजारात एक धरले तरी २० वर्षे. स्वतःच्या अनुभवावरून शहाणे होण्याची सोय येथे नाही. उलट, घाईने सुरू केलेला उपचार बहुधा निभावून जातो आणि प्रत्येक वेळी घाईच बरोबर होती असे भासते. औषधास मान्यता देण्यापूर्वीच्या चाचण्यांचीही हीच मर्यादा आहे. हजारात एकदा घडणारी घटना निदान एकदा तरी दिसेल अशी ९५ टक्के खात्री हवी असेल तर सुमारे ३,००० रुग्ण तपासावे लागतात. दहा हजारांत एक असेल तर ३०,०००.

इतिहासही हेच सांगतो. डायक्युमरॉल घेणाऱ्या रुग्णाच्या स्तनाचा कोथ झाल्याची नोंद १९४३ मधील आहे. दोष औषधाचा असावा, हे स्पष्टपणे मांडले जाण्यास १९५४ उजाडले. ‘सी’ प्रथिन १९७६ मध्ये वेगळे करण्यात आले आणि त्याची आनुवंशिक उणीव १९८१ मध्ये वर्णिली गेली, तेव्हा कोठे कार्यकारणभाव जुळला. विखुरलेल्या एकेका नोंदीतून ज्ञान जमण्यास जवळजवळ चार दशके गेली. मोजमापाची कथाही अशीच. प्रयोगशाळांची रसायने वेगवेगळी असल्यामुळे एकाच रक्ताचे निष्कर्ष ठिकठिकाणी निराळे येत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये ‘आयएनआर’ हे समान प्रमाण स्वीकारले, तेव्हा एका गावचा अहवाल दुसऱ्या गावी वाचता येऊ लागला.

भारताच्या संदर्भात या औषधाचे महत्त्व विशेष आहे. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापामुळे हृदयाच्या झडपा निकामी होतात. दाटीवाटीची घरे आणि वेळेवर न मिळणारे प्रतिजैविक ही या आजाराची सामाजिक पार्श्वभूमी असल्याने तो प्रामुख्याने गरिबांचा आजार आहे. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली स्वदेशी कृत्रिम झडप विकसित झाली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती प्रथम रुग्णास बसविण्यात आली. आयात झडपेपेक्षा बरीच स्वस्त असलेली ही झडप पुढे एक लाखाहून अधिक रुग्णांपर्यंत पोहोचली. सार्वजनिक क्षेत्रातील संशोधनाचे हे लखलखीत यश होय. परंतु यांत्रिक झडप बसविलेल्या प्रत्येक व्यक्तीस वॉरफरिन किंवा आपल्याकडे बरेच वापरले जाणारे त्याच कुळातील अ‍ॅसिनोकुमरॉल आजन्म घ्यावे लागते. झडप एकदाच विकत घ्यावी लागते, देखरेख मात्र दर महिन्याला.

या देखरेखीचा भार कोणावर पडतो? औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ अन्वये आवश्यक औषधांच्या कमाल किमती ठरविल्या जातात; त्याचा लाभ गोळीपुरता. आयुष्मान भारत योजनेत २०१८ पासून कुटुंबामागे वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय झाली, पण रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचा खर्च १५ दिवसांपर्यंतचाच त्यात येतो. त्यानंतरच्या चाचण्या ही बाह्यरुग्ण सेवा ठरते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील मोफत निदान सेवेने २०१५ पासून या दिशेने पाऊल टाकले असले, तरी तालुक्यापासून दूर राहणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने चाचणी मोफत असणे आणि चाचणी जवळ असणे यांत एका दिवसाच्या मजुरीचे अंतर असते. एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, ही समाधानाची बाब होय. या सरासरीत झडपेच्या रुग्णाचा मासिक फेरा दिसत नाही, इतकेच.

देखरेख म्हणजे केवळ चाचणीही नव्हे. पालक, मेथी यांसारख्या पालेभाज्यांत ‘के’ जीवनसत्त्व विपुल असते. रक्तक्षयावर उपाय म्हणून आशा कार्यकर्ती पालेभाजी खाण्यास सांगते आणि शहरातील रुग्णालयाच्या कागदावर पालेभाजी टाळा असे लिहिलेले असते. दोहोंच्या मध्ये सापडलेल्या स्त्रीस खरे तर एवढेच सांगावयास हवे की भाजी सोडू नये, तिचे प्रमाण आठवड्यागणिक फार बदलू नये. गर्भारपणाच्या आरंभी हे औषध गर्भास अपाय करू शकते, ही गोष्टही झडप बसविलेल्या तरुणीस विवाहापूर्वीच समजावयास हवी. असा सल्ला देण्यास यंत्र लागत नाही, वेळ देणारा माणूस लागतो. आणि आरोग्यसेवेच्या अंदाजपत्रकात त्या वेळेसाठी वेगळा रकाना सहसा नसतो.

२००९ नंतर डॅबिगॅट्रान व तत्सम नवी औषधे आली. त्यांना नियमित रक्तचाचणी लागत नाही. त्यामुळे जुन्या औषधाचा प्रश्न आपोआप मिटेल, असा एक समज पसरला. तो भारतास लागू पडत नाही. यांत्रिक झडपांच्या रुग्णांवरील डॅबिगॅट्रानची चाचणी गुठळ्या व रक्तस्राव वाढल्याने मुदतीपूर्वी थांबवावी लागली आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ऱ्हुमॅटिक हृदयविकारासह हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या रुग्णांवरील, भारताचाही सहभाग असलेल्या इन्व्हिक्टस अभ्यासात २०२२ मध्ये असे आढळले की रिव्हारॉक्साबानपेक्षा वॉरफरिनच्या कुळातील औषधे घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. तेव्हा ज्या देशांत हा आजार आहे तेथे जुनी गोळी राहणार, आणि तिची देखरेखही.

दुर्मीळ अपायांची माहिती ही अर्थशास्त्रीय परिभाषेत सार्वजनिक वस्तू आहे. नोंद करणाऱ्या डॉक्टरचा वेळ जातो, लाभ मात्र त्याने कधीही न पाहिलेल्या रुग्णास होतो. साहजिकच बाजारपेठ ही माहिती पुरेशी निर्माण करीत नाही आणि शासनास पुढे यावे लागते. भारत १९९८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या औषध-संनियंत्रण कार्यक्रमात सामील झाला. २००४ च्या सुमारास सुरू झालेला राष्ट्रीय कार्यक्रम फार काळ टिकला नाही. सध्याचा भारतीय औषध-दक्षता कार्यक्रम जुलै २०१० मध्ये आरंभला आणि एप्रिल २०११ पासून त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतील केंद्रांकडून नोंदी तेथे येतात. डॉक्टर, परिचारिका, औषध-विक्रेते यांच्याबरोबरच स्वतः रुग्णासही नोंद करता येते आणि रुग्णांसाठीचा अर्ज हिंदीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. त्या अर्जात औषध सुरू केल्याची तारीख आणि त्रास सुरू झाल्याची तारीख असे दोन साधे रकाने आहेत. ऊतीनाशाच्या बाबतीत दोहोंतील अंतर तीन ते सहा दिवसांचे निघाले, तर तज्ज्ञास बहुधा तेवढ्यावरून दिशा सापडते.