चूक सांगणाऱ्याला अभय हवे
(बारामती व इंदापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



ऊस, पाणी आणि एस.टी. यांतून सवड मिळाली, तर विमानाकडे पाहू, असे आपल्यापैकी अनेकांना वाटत असेल. परंतु बारामतीच्या धावपट्टीवरून उडणारी शिकाऊ विमाने आपल्याच शेतांवर घिरट्या घालीत असतात. २५ जुलै २०२२ रोजी त्यांतले एक इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शेतात कोसळले आणि एक तरुण प्रशिक्षणार्थी जखमी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत एकाच संस्थेची दोन विमाने पडली. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेचे उड्डाण-प्रशिक्षण स्थगित केले. या अपघातांची कारणे ठरविणे हे चौकशीचे काम आहे, माझे नव्हे. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे: ज्या चुकांतून अपघात होत नाही, त्यांचे पुढे काय होते?

नेमून दिलेल्या उंचीपेक्षा विमान थोडे वर गेले, रेडिओवरची सूचना चुकीची ऐकली गेली, नोंदवहीत वेळ चुकली. अशा वेळी नुसती समज देण्यापासून परवाना काढून घेण्यापर्यंतचे सर्व अधिकार महासंचालनालयाच्या हाती आहेत. १९३४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला, तरी हे अधिकार कायमच आहेत. आता व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे २०० तास पुरे करण्याकरिता ज्याच्या बापाने जमीन गहाण टाकली, तो मुलगा आपली चूक आपण होऊन सांगेल काय? एस.टी.च्या चालकाला विचारा. ब्रेक जरा उशिरा लागला, हे तो आगारात कधी सांगतो? आरोपपत्र मिळाल्यावर!

अमेरिकेला हा धडा ९२ प्राण गमावून मिळाला. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी विमान डोंगरावर आदळले. सुमारे दीड महिना आधी दुसऱ्या कंपनीचे विमान त्याच मार्गावर त्याच गैरसमजातून थोडक्यात वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. इतरांपर्यंत ते पोहोचलेच नाही. मग १९७६ मध्ये तेथे गोपनीय निवेदनाची व्यवस्था सुरू झाली. तिची खुबी अशी की, निवेदने परवाना देणारे खाते घेत नाही, अंतराळ संशोधन करणारी ‘नासा’ घेते आणि नाव पुसून टाकते. चूक अजाणता झाली असेल, अपघात घडला नसेल आणि दहा दिवसांत ती कळविली असेल, तर वैमानिकाला शिक्षा होत नाही. भांडवलशाहीच्या माहेरघरातील ही व्यवस्था आहे, म्हणून आपण नाक मुरडण्याचे कारण नाही.

अभय म्हणजे सरसकट माफी नव्हे. उड्डाणापूर्वीच्या श्वासचाचणीत दारू आढळली, तर आपल्याकडे पहिल्याच वेळी तीन महिने परवाना निलंबित होतो. त्यात तसूभरही सवलत नको. खोटी नोंद आणि चुकलेली नोंद यांतही फरक केलाच पाहिजे.

पण कठोरपणा कोणाच्या वाट्याला येतो, तेही पाहा. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेणारे नियम आले. इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीने त्यासाठी पुरेशी तयारी केली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये तिची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि तिला त्या नियमांतील काही तरतुदींतून तात्पुरती सूट मिळाली! पुढे दंड झाला, हे मान्य. तरी थकलेला वैमानिक चुकला, तर ‘नियम गैरसोयीचा होता’ एवढे म्हणून तो सुटेल काय?

म्हणून आपल्या मागणीपत्रात दोन कलमे घालावीत, असे मी सुचवितो. निवेदने स्वीकारणारी यंत्रणा महासंचालनालयापासून वेगळी असावी. आणि परवान्यावर कारवाई होण्यापूर्वी प्रशिक्षणार्थ्याला, त्याची संघटना नसली तरी, सोबत एक प्रतिनिधी घेऊन आपली बाजू मांडता यावी. मसुदा करताना कडबनवाडीच्या शेतकऱ्यांनाही बोलवा. विमान पडते ते त्यांच्या पिकात.