बिल्ला आणि दाखला : जनावर सीमेपार नेताना
(गोरेगाव, जि. गोंदिया येथील बैठकीतले भाषण)



गोरेगाव धानाचे, आपल्यातले पुष्कळजण पऱ्हाटी-ज्वारीच्या मुलखातले. पिके वेगळी, पण अडीअडचणीला दावणीचे जनावर सोडावे लागते ते सगळ्यांनाच. इथून वाघ नदी ओलांडली की बालाघाट, देवरीपुढे राजनांदगाव. तुमच्याकडे पांढरकवड्यापुढे आदिलाबाद. पलीकडे चार पैसे जास्त मिळतील म्हणून आपण जनावर नेतो आणि कागदावाचून वाटेत अडतो. गाडीभाडे अंगावर पडते, जनावर उपाशी राहते, आणि दलाल पडेल त्या भावात घ्यायला उभाच असतो.

म्हणून कागद कोणते ते नीट समजून घेऊ. पहिला, कानातला बारा आकडी बिल्ला. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. वीज पडून किंवा वाघाने मारून जनावर गेले, तर बिल्ल्यावाचून भरपाईही नाही. दुसरा, पशुवैद्यकाचा दाखला : जनावर प्रवासाला धड आहे, त्याला साथीचा रोग नाही. हा नियम १९७८ चा आहे. डुकरांसाठी २००१ साली वेगळे नियम जोडले. दाखला नसेल तर वाहतूकदाराने माल घेऊच नये, असे त्यात आहे. तिसरा, बाजाराची पावती. बैल विकताना तिच्यावर घेणाऱ्याचे नाव, गाव आणि 'शेतीकामासाठी' हे लिहून घ्या. २०१५ च्या कायद्याने गाय, वळू, बैल कत्तलीसाठी राज्याबाहेर नेणे गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत.

गाडीचेही माप आहे. साध्या मालट्रकमध्ये सहाच्या वर गुरे भरता येत नाहीत. २०१६ पासून वाहनात प्रत्येक गुराला २ चौरस मीटर आणि डुकराला ०.६ चौरस मीटर जागा हवी.

हा सगळा जाच कशाला, असे कोणी विचारील. म्हाताऱ्या माणसांना बुळकांडी आठवत असेल. गोठेच्या गोठे रिकामे झाले. लस टोचून आणि जनावरांच्या ये-जा वर नजर ठेवून तो रोग हटवला. २०११ साली तो जगातून गेल्याचे जाहीर झाले. उलट लम्पी पाहा. २०२० मध्ये ती गडचिरोलीत सिरोंच्याला दिसली. २०२२ च्या सप्टेंबरात राज्यभर गुरांचे बाजार बंद करावे लागले. मेलेल्या बैलाला सरकारने २५,००० रुपये दिले. तेवढ्यात जोडीतला दुसरा बैल येतो का, हे तुम्हीच सांगा.

डुकरांचे दुखणे याहून कठीण. आफ्रिकी स्वाइन फिव्हर २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आला आणि २०२२ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात रीव्याला पोचला. माणसाला तो होत नाही, पण डुक्कर वाचत नाही. रोग सापडला की एक किलोमीटरच्या आतली सगळी डुकरे मारतात. चार डुकरांवर संसार चालवणाऱ्या घराचे भांडवल एका दिवसात जाते. बाहेरून आलेले एक आजारी डुक्कर त्याला पुरते.

तेव्हा दाखल्याला आमची ना नाही. आमचे म्हणणे एवढेच की दाखला मागणारा रस्त्यावर चोवीस तास उभा असतो, तसा देणारा निदान बाजाराच्या दिवशी तरी बाजारात हजर असावा. विक्रीच्या दिवशी डॉक्टर दौऱ्यावर आणि दवाखान्याला कुलूप असेल, तर नियम रोगाला अडवत नाही, फक्त गरीब विकणाऱ्याला अडवतो. मोठा व्यापारी कागद करून घेतो. एक बैल घेऊन आलेला परत जातो.

प्रत्येक तालुका बैठकीत हा ठराव मांडा : सीमेलगतच्या प्रत्येक गुरांच्या बाजारात बाजाराच्या दिवशी पशुवैद्यक, बिल्ले आणि दाखल्याचे पुस्तक एका टेबलावर हवे. आणि तोवर आपले काम आपण करू. घरी गेल्यावर आधी दावणीचे कान तपासा. बिल्ला पडला असेल तर आत्ताच लावून घ्या; गरज पडेल त्या दिवशी धावाधाव नको.