वाकड्या करंगळीचे न्यायमूर्ती



दीक्षान्त समारंभात थोरामोठ्यांची गोष्ट सांगायचा आपला रिवाज आहे. तो मी मोडणार नाही. मात्र माझ्या गोष्टीतला माणूस पंधरा हंगाम समोरच्याला अंगावर घेण्याचा पगार घेत होता. त्यांचं नाव अ‍ॅलन पेज.

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. टाळ्या त्याला. त्याच्यापुढे धिप्पाड गड्यांची भिंत उभी असते. ती फोडून त्याला गाठायचं, हे समोरच्या संघातल्या डिफेन्सिव्ह लाइनमनचं काम. पेज यांचं काम तेच. हात जमिनीला टेकवून ओणवं व्हायचं, चेंडू हलताक्षणी त्या भिंतीवर तुटून पडायचं, उठायचं आणि पुन्हा ओणवं व्हायचं. एका दुपारी किती वेळा, ते अंगच मोजतं.

पेज जन्मले १९४५ साली, ओहायो राज्यातल्या कॅन्टन या पोलादाच्या कारखान्यांच्या गावात. तेरा वर्षांचे असताना आई गेली. काळ्या मुलासमोर त्या गावात फार वाटा नव्हत्या, पण वकील व्हायचं हे या मुलाच्या मनाने लहानपणीच घेतलं होतं. त्याच गावात फुटबॉलमधल्या थोर खेळाडूंचं सन्मान-दालन बांधलं जात होतं, तेव्हा बांधकामावरच्या मजुरांत हा शाळकरी मुलगाही होता.

नोत्र दाम विद्यापीठातून १९६७ साली पदवी घेऊन ते मिनेसोटा वायकिंग्ज संघात आले. १९७१ साली ते लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. बचाव करणाऱ्याला हा मान तोवर कधीच मिळाला नव्हता. त्यानंतरही फक्त एकदा, १९८६ साली लॉरेन्स टेलर यांना मिळाला. सलग २१८ सामने ते खेळले, एकही चुकवला नाही. चार वेळा सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत पोचले आणि चारही वेळा हरले. तुमच्यापैकी ज्यांचा वर्ग अर्ध्या टक्क्याने हुकला, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पण मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं. कायद्याच्या अभ्यासाला ते कारकिर्दीच्या सुरुवातीलाच एकदा बसले होते. काही आठवड्यांत सोडून दिला. काही वर्षांनी पुन्हा गेले, या वेळी मिनेसोटा विद्यापीठात, आणि टिकले. खेळ ऐन भरात होता, पैसा होता, नाव होतं. हंगाम संपला की हा माणूस दप्तर उचलून वर्गात. १९७८ साली कायद्याची पदवी हातात आली. त्याच वर्षी वायकिंग्जनी त्यांना संघाबाहेर काढलं. लांब पल्ल्याचं धावायला लागल्यापासून वजन उतरलं होतं आणि प्रशिक्षकांच्या मते ते आता पूर्वीचे राहिले नव्हते. शंभर डॉलर भरून शिकागो बेअर्सनी त्यांना घेतलं. तिथे ते १९८१ पर्यंत खेळले आणि मधल्या काळात पूर्ण मॅरेथॉनही धावले.

ज्या वर्षी मैदानावरची किंमत शंभर डॉलरवर आली, त्या वर्षी या माणसाकडे स्वतः कमावलेली दुसरी ओळख तयार होती. आज तुमच्या हातात पहिली ओळख पडते आहे. ती बाजारात कधी वधारेल, कधी उतरेल. दुसरीची पायाभरणी पहिली भरात असतानाच करावी लागते. पडझड झाल्यावर वीट शोधायला निघालं तर उशीर होतो.

पेज यांची दुसरी ओळख कामी आली ती न्यायालयात. मिनेसोटात न्यायमूर्ती लोकांच्या मतांनी निवडले जातात. पेज उभे राहायला निघाले तर निवडणूक टाळून आधीच्या न्यायमूर्तींची मुदत वाढवली गेली. त्यांनी दावा लावला, तो जिंकला, आणि मग १९९२ ची निवडणूकही जिंकली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातले ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन न्यायमूर्ती. तीन वेळा पुन्हा निवडून आले आणि २०१५ साली, सत्तरीच्या नियमाने, निवृत्त झाले. न्यायासनावर बसलेल्या या माणसाची करंगळी काटकोनात बाहेर वळलेली आहे. ती मैदानाची देणगी. पुढे मुलीबरोबर त्यांनी लहान मुलांसाठी त्या करंगळीवरच पुस्तक लिहिलं.

आता पुन्हा कॅन्टनला चला. ज्या वास्तूवर राबले, तिथेच १९८८ साली त्यांचा सन्मान झाला. प्रथेनुसार जुना प्रशिक्षक किंवा सहकारी ओळख करून देतो. पेज यांनी त्यासाठी एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावलं. आणि स्वतः बोलले ते शिक्षणावर. खेळाच्या डावपेचांची वही बैठकीत मोठ्याने वाचायला सांगितली, तेव्हा काही सहकाऱ्यांना ती वाचताच येईना, हे त्यांनी पाहिलं होतं. शाळा-महाविद्यालयांनी त्या मुलांची ताकद वापरून घेतली होती, अक्षरं मात्र दिली नव्हती. त्याच वर्षी पत्नी डायान यांच्यासह त्यांनी शिष्यवृत्तीची संस्था काढली. तिची अट साधी: पैसे घेणाऱ्याने आपल्याहून लहान मुलांना शिकवायला वेळ द्यायचा.

मित्रहो, ती अट मी आज तुम्हाला घालतो. तुमच्या शिक्षणात आईवडिलांचे कष्ट आहेत, आणि ज्यांनी कधी महाविद्यालयाची पायरी चढली नाही अशांच्या करांचा वाटाही आहे. तुमच्या वस्तीत, गावात, वाड्यावर, पाचवीत गेलेलं पण धडा अडखळत वाचणारं एक मूल नक्की असेल. आठवड्यातला एक तास त्याच्याजवळ बसा. भाषण विसरलात तरी चालेल, तो तास चुकवू नका.